वरातीतील गाणे

लग्नसमयी मी वडिलांसमवेत मांडवात पूजेचे साहित्य मांडीत असतो, तेव्हा रामाकोन्याच्या रस्त्यावरून वरातीचा डीजे जवळ येत असतो. गाणी बहुधा हिंदी-पंजाबी. महागडी मोटार, मद्याचा प्याला, एका रात्रीची ओळख आणि ‘आम्हांस विचारणारे कोण?’ हा तोरा, एवढाच बहुतेकांचा आशय. वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘पिढी बिघडली.’ हा निर्णय पुरेशा विचाराने दिलेला आहे काय?

शृंगार मराठीस नवा नाही. सोलापूरच्या विद्वान ब्राह्मण घराण्यातील रामजोशी यांनी तमाशासाठी लावण्या रचिल्या. पुढे तेच कीर्तनकार झाले. आपल्या शास्त्रांनी अर्थ व काम यांस पुरुषार्थांतच गणिले आहे. धर्मास अविरुद्ध असा काम हे आपलेच रूप, असे भगवंत गीतेच्या सातव्या अध्यायात सांगतात. तेव्हा दोष प्रीतीचा नव्हे. पैशाने मोटार मिळते तशी व्यक्तीही मिळते, आणि हौस फिटली की टाकता येते, ही समजूत सदोष आहे.

परंतु ती केवळ तरुणांनी निर्माण केलेली नाही. २०१६ साली नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ आला. त्यातील ‘झिंगाट’वर आमच्याकडे आजोबा नाचले, नातू नाचले, मीही नाचलो. चित्रपटात मात्र पाटलाची कन्या ऐश्वर्य सोडून मासेमारी करणाऱ्याच्या मुलासमवेत हैदराबादेस जाते, झोपडीत राहून कष्टाने संसार उभारते, आणि अखेर माहेरच्याच माणसांकडून दोघांची हत्या होते. ते गाणे आम्हांस हवे. पण घरच्या लेकीने कोणाचे नाव घेतले की आम्ही दार लावतो. मग तरुणाने काय शिकावे? प्रेम नाचण्यापुरते असते, वडिलांपुढे बोलण्याची ती गोष्ट नव्हे, हेच ना?

स्वातंत्र्य म्हणजे केलेल्या निवडीचा भार वाहण्याची सिद्धता होय. ती तरुणांनी दाखवावी. ऐकून घेण्याचे धैर्य वडिलांनी दाखवावे.

सप्तपदीतील सातवे पाऊल सख्यत्वाचे असते. बाहेर डीजे चालू असला म्हणजे तो मंत्र वधूवरांसही ऐकू जात नाही. सभासद कुटुंबांना विनंती एवढीच, की निदान त्या सात पावलांपुरता तरी आवाज थांबवावा.