खडूने लिहिलेले चार शब्द

मराठीत ‘ग्रंथप्रामाण्य’ हा शब्द आपण बहुधा आरोप म्हणूनच वापरतो. आगरकरांच्या काळापासून आपल्याकडे वादाची मांडणीच तशी झाली: बुद्धी एका बाजूला, पोथी दुसऱ्या, आणि पोथीच्या बाजूने जो बोलतो तो सत्तेचा माणूस. त्यामुळे पुराणमतवादी ल्यूथरनांचा इतिहास वाचताना मी बराच काळ अडखळत होतो. तिथे पोथी आधी सत्तेच्या विरोधात उभी राहिलेली दिसते, आणि तीही एकदा नव्हे, तीनदा.

पहिला प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. एप्रिल १५२१ मध्ये वर्म्स इथल्या राजसभेत, सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर, मार्टिन ल्यूथरने आपले लिखाण मागे घ्यायला नकार दिला. पोप चुकले आहेत, धर्मपरिषदाही चुकल्या आहेत. शास्त्राच्या आधाराने किंवा स्वच्छ युक्तिवादाने पटवून द्या, असे त्याचे म्हणणे होते.

मला त्याहून जास्त बोलका वाटतो तो आठ वर्षांनंतरचा मारबुर्गचा प्रसंग. सम्राटाविरुद्ध सुधारकांची एकजूट व्हावी म्हणून हेसचा राजपुत्र फिलिप याने ऑक्टोबर १५२९ मध्ये ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली यांना आपल्या किल्ल्यात समोरासमोर बसवले. वाद प्रभुभोजनाचा होता. झ्विंग्लीच्या मते भाकर ही ख्रिस्ताच्या शरीराची खूण होती. ल्यूथरच्या मते ती प्रत्यक्ष शरीरच होती. चर्चेपूर्वी ल्यूथरने मेजावर खडूने ख्रिस्ताचे ‘हे माझे शरीर आहे’ या अर्थाचे चार लॅटिन शब्द लिहून ठेवले होते आणि त्यांवर मेजाचे मखमली कापड ओढले होते. आधार मागितला गेला तेव्हा त्याने कापड उचलले आणि ते शब्द दाखवले. पंधरापैकी चौदा कलमांवर एकमत झाले, पंधराव्यात हा मुद्दा आडवा आला. सगळे भांडण एका ‘आहे’ या क्रियापदाचे! फौजांची गरज डोक्यावर असताना माणूस एका क्रियापदासाठी मित्र गमावतो, हा हट्ट आहे असे कोणी म्हणेल. मला त्यात शब्दाविषयीची निष्ठा दिसते आणि तिचा मी आदर करतो.

१५८० मध्ये ल्यूथरनांचे कबुलीलेख ‘बुक ऑफ काँकॉर्ड’ या ग्रंथात एकत्र आले. नव्या पाळकाने या लेखांना कशी संमती द्यायची, यावर पुढे दोन लॅटिन शब्दांची जोडी रूढ झाली. ‘क्विआ’ म्हणजे ‘कारण’: हे लेख मी मानतो, कारण ते शास्त्राशी जुळतात. ‘क्वाटेनुस’ म्हणजे ‘जितपत’: ते शास्त्राशी जितपत जुळतात तितपत मी मानतो. दुसरी शपथ उदार वाटते. पण जितपतची शपथ कोणत्याही पुस्तकावर घेता येते, असा पुराणमतवाद्यांचा आक्षेप आहे आणि तो बिनतोड आहे. अडचण वेगळीकडे आहे. ‘कारण’ म्हणणाऱ्याने आधी शास्त्र स्वतः वाचून ताडून पाहिलेले असावे लागते. ही ताडून पाहण्याची मोकळीक टिकते तोवरच त्या शपथेत प्राण असतो.

दुसरा प्रसंग प्रशियातला. तिसरा फ्रेडरिक विल्यम याने १८१७ मध्ये, ल्यूथरच्या चळवळीच्या त्रिशताब्दीला, ल्यूथरन आणि झ्विंग्लीच्या वळणाचा रिफॉर्म्ड या दोन्ही पंथांचे ऐक्य जाहीर केले आणि पुढे नवा उपासनाविधी आणला. त्यात भाकर देताना, ख्रिस्त असे म्हणाला, एवढी जोड त्या चार शब्दांना दिली, म्हणजे ज्याला जो अर्थ हवा तो त्याने घ्यावा. सरकारला ती सोय वाटली. सायलेशियातल्या जुन्या वळणाच्या ल्यूथरनांना मात्र वाटले की मारबुर्गच्या मेजावरची अक्षरे राजाने पुसली. १८३४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ह्योनिगर्न गावचे चर्च सैनिकांनी फोडून ताब्यात घेतले. सरकारी विधी नाकारणारे पाळक तुरुंगात गेले, कित्येक कुटुंबे ऑस्ट्रेलियाला आणि अमेरिकेला निघून गेली.

तिसरा प्रसंग सॅक्सनीच्या लोकांचा. तिथल्या चर्चमधल्या बुद्धिवादाला कंटाळून मार्टिन स्टेफान या पाळकाच्या मागे सुमारे सातशे माणसे १८३८ च्या अखेरीस पाच जहाजांतून निघाली. त्यांतले ‘अमालिया’ समुद्रात बुडाले. उरलेले मिसूरीत पोचले. स्टेफानने प्रवासातच स्वतःला बिशप करून घेतले होते, आणि मे १८३९ मध्ये अनैतिक वर्तन व पैशांचा गैरवापर या आरोपांवरून लोकांनी त्याला मिसिसिपीपलीकडे नेऊन सोडले. आता आपण चर्च तरी आहोत का, की देश सोडून नुसते पाप केले? एप्रिल १८४१ मध्ये आल्टेनबर्ग गावात यावर जाहीर वाद झाला. वकील आडोल्फ मार्बाख म्हणत होता, आपण चर्च उरलो नाही. तिशीतही न पोचलेल्या वॉल्टर या पाळकाने उत्तर दिले की जिथे देववचन आणि संस्कार आहेत तिथे चर्च आहे, बिशप असो वा नसो. मार्बाखला बव्हंशी ते पटले. १८४७ मध्ये शिकागोत मिसूरी सिनॉड ही त्यांची चर्चसंघटना स्थापन झाली तेव्हा वॉल्टरच पहिला अध्यक्ष झाला.

पोप, राजा, बिशप. तिन्ही वेळा पुस्तक दुर्बळांच्या हातात होते.

विसाव्या शतकात मात्र ते पदाधिकाऱ्यांच्या हाती गेले. सिनॉडचे पाळक घडवणाऱ्या सेंट लुइसच्या काँकॉर्डिया सेमिनरीतले प्राध्यापक बायबलचा ऐतिहासिक-चिकित्सक अभ्यास शिकवू लागले: आदाम किंवा योना या ऐतिहासिक व्यक्तीच असल्या पाहिजेत का, असे प्रश्न वर्गात येऊ लागले. मंडळ्यांची भीती पोकळ नव्हती. आज योना रूपक ठरला तर उद्या पुनरुत्थान का ठरणार नाही, हा प्रश्न मलाही सोपा वाटत नाही. पण खुद्द ल्यूथरने १५२२ मध्ये याकोबाच्या पत्राला गवताची उपमा दिली होती. शास्त्रापुढे नमणाऱ्याला शास्त्र तपासता येते, हे प्राध्यापकांचे म्हणणेही त्याच घरातले होते. जुलै १९७३ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात अध्यक्ष जे. ए. ओ. प्रॉइस यांचे शास्त्रविषयक निवेदन मताला टाकले गेले आणि साधारण पंचावन्न टक्के मतांनी ते सिनॉडचे मत ठरले. जानेवारीत सेमिनरीचे प्रमुख जॉन टिटजेन निलंबित झाले. १९ फेब्रुवारी १९७४ रोजी विद्यार्थ्यांनी आपापल्या नावांचे पांढरे क्रूस प्रांगणात रोवले आणि ते बाहेर पडले. पन्नासपैकी पंचेचाळीस अध्यापक त्यांच्या बरोबरीने गेले.

मिसूरी सिनॉड आजही स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देत नाही आणि प्रभुभोजन साधारणपणे आपल्या मताच्या लोकांपुरते ठेवते. सप्टेंबर २००१ मध्ये न्यू यॉर्कच्या यांकी स्टेडियममधल्या सर्वधर्मीय प्रार्थनासभेत भाग घेतल्याबद्दल त्यांच्या एका जिल्हाध्यक्षाला निलंबित केले गेले होते. २००३ मध्ये त्याला पद परत मिळाले. सर्वधर्मप्रार्थनेत वाढलेल्या मराठी वाचकाला हे कठोर वाटेल. मला प्रभुभोजनाची अट मारबुर्गच्या खडूतून सरळ आलेली दिसते आणि ती लावण्याचा त्यांचा हक्क मी मानतो. सेमिनरीच्या बाबतीत मात्र ते चुकलेच. १८४१ मध्ये वॉल्टरने मार्बाखला पटवले होते, आणि त्यासाठी मार्बाखला बोलू दिले होते. न्यू ऑर्लिन्सला हात मोजले गेले.