ग्रुपमधला गप्प मुलगा

“सर, मी काहीच लिहिलं नव्हतं. नुसता ग्रुपमध्ये होतो.”

अकरावीतला मुलगा. मान खाली, मोबाइल हातात पालथा धरलेला. वर्गातल्या एका मुलीचा गॅदरिंगमधला फोटो कुणीतरी मुलांच्या ग्रुपवर टाकला होता. खाली तिच्या शरीरावरून शेरे, मग तिला दहापैकी किती गुण द्यायचे याची चढाओढ. स्क्रीनशॉट तिच्यापर्यंत पोचला आणि ती आठवडाभर कॉलेजला आली नाही. ग्रुपमध्ये मुलं छत्तीस, लिहिणारी सहा. शिक्षकांच्या बैठकीत आम्ही त्या सहांच्या शिक्षेवर दोन तास बोललो. उरलेल्या तिसांचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही. ती चूक मला अजून डाचते.

कारण फोटो टाकला गेला होता तो या तिसांसाठीच. अशा ग्रुपवर मुलगी निमित्त असते, दाखवायचं असतं दुसऱ्या मुलांना. पहिला शेरा बिचकत येतो. त्याखाली चार हसरे चेहरे पडले की दुसरा धीट होतो आणि तिसरा गलिच्छ. कुणी “बस कर यार” म्हटलंच तर लगेच विचारणा होते, “तुझी कोण लागते रे ती?” या प्रश्नाला सतरा वर्षांचा मुलगा जितका घाबरतो तितका प्राचार्यांनाही घाबरत नाही. म्हणून तो गप्प बसतो, आणि ते सहाजण त्याचं गप्प बसणं होकारात मोजतात.

हे कुठवर जातं ते १ जानेवारी २०२२ रोजी देशाने पाहिलं. ‘बुल्ली बाई’ नावाच्या ॲपवर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’ला मांडले गेले. त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबई सायबर पोलिसांनी पहिल्यांदा पकडला तो अभियांत्रिकी शिकणारा एकवीस वर्षांचा विद्यार्थी. पुढे अटक झालेलेही विशीच्या आसपासचेच, आणि त्यांत अठरा वर्षांची एक मुलगीसुद्धा. पाठलाग करणं, चोरून चित्रण करणं हे २०१३ पासून स्वतंत्र गुन्हे आहेत. कायदा हवाच, पण तो येतो घाव पडल्यावर.

मुलं या द्वेषाकडे वळतात कशी? पोलीस भरतीची तयारी करणारा, दोनदा हुकलेला मुलगा रात्री व्यायामाचे व्हिडिओ बघत असतो. बघता बघता एक पिळदार दंडांचा माणूस त्याला सांगू लागतो की तुझ्या अपयशाला मुली जबाबदार आहेत, त्या माजल्यात. मुलाचं दुःख खरं असतं. आम्ही मोठ्यांनी त्याला कधी विचारलं नाही, त्या माणसाने विचारलं.

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमलेले तरुण नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले होते. बातमी बघून लोक हसले. त्यांच्या मागण्यांत मात्र गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कडकपणे राबवण्याचीही मागणी होती. ‘मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात’ हे पारावरचं बोलणं त्यांच्या कानांवर रोज पडत असणार. तरी त्यांनी बोट ठेवलं ते मुलींना जन्मू न देणाऱ्यांवर. रागाला अशी खरी दिशा मिळू शकते, म्हणून तो मोर्चा मला फार महत्त्वाचा वाटतो.

आणि स्त्रियांची बाजू घेणारा पुरुष आपल्याला नवा नाही. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. सुरतच्या एका तरुण विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर चिखलफेक चालली होती, त्या चिखलफेकीला दिलेलं ते उत्तर होतं. ताराबाईंच्या वाट्याला टवाळीच आली. तेव्हा ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेतून त्यांची बाजू जाहीरपणे घेतली ती जोतीराव फुल्यांनी. माझ्या वर्गात हा प्रसंग एकाही मुलाला ठाऊक नव्हता.

१९९१ मध्ये पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी जाहिरात दिली होती की बायकोला मारणं चूक मानणाऱ्या पुरुषांनी पुढे यावं. २०५ जणांनी उत्तर दिलं. त्यातून १९९३ मध्ये मुंबईत ‘मावा’ ही पुरुषांची संघटना उभी राहिली. ‘मावा’चे हरीश सदानी आणि त्यांचे सहकारी २००६ पासून ‘युवा मैत्री’ या कार्यक्रमातून कॉलेजच्या मुलांशी बोलत आले आहेत. मुंबईतच ‘परिवर्तन’ या उपक्रमात शाळांच्या क्रिकेट प्रशिक्षकांना या कामासाठी तयार केलं गेलं. मला ती निवड अचूक वाटते. माझ्या व्याख्यानात मुलगा जांभया देतो. पण सराव संपवून किट आवरताना कोचने “काल बसस्टॉपवर तुम्ही त्या मुलीला काय म्हणालात?” एवढं विचारलं, तर ते तो रात्रभर विसरत नाही. ज्याच्यासारखं व्हायचं आहे त्याने विचारलेलं असतं.

मी त्या अकरावीतल्या मुलाला एवढंच विचारलं, “वाचताना तुला काय वाटलं?”

बराच वेळ तो बोलला नाही. मग म्हणाला, “कसंतरीच झालं, सर. पण वाटलं, फक्त मलाच होतंय.”

नंतर उरलेल्यांशी मी एकेकटं बोललो. बऱ्याच जणांनी थोड्याफार फरकाने हेच सांगितलं. एका बाकावर बसणाऱ्या त्या मुलांना एकमेकांचं हे ठाऊक नव्हतं. त्यांतले काहीजण आता शनिवारी शेवटच्या तासानंतर थांबतात, बोलतात, अडखळतात.

ती मुलगी मात्र दिवाळीच्या सुट्टीनंतर परत आली नाही. तिने कॉलेज बदललं.