पाठीचे ऋण

रिंगणात दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ माउलींसाठी मोकळी. त्यांच्या टापांखालची माती आपण कपाळी लावतो, हे योग्यच. परंतु सज्जनहो, विचार असा करावयाचा, की ज्या घोड्याने जन्मभर माणूस वाहिला, तो म्हातारा झाला, त्याची पाठ धरली, खोगीर उतरले; त्यानंतर त्याचे आपल्यावर काही ऋण उरते की नाही?

कोणी म्हणेल, "बुवा, ज्याचे त्याचे प्रारब्ध!" बरं, प्रारब्ध खरेच. पण खोगीर कोणी घातले? घोड्याला बरगड्यांचे मणके १८. खोगीर बसते ते याच भागावर. वर्षानुवर्षे भार पडला, खोगीर नीट बसत नसले, की पाठीचे मांस झडते; कधी मणक्यांची वरची टोके एकमेकांस घासू लागतात. ज्या दुःखात आपला हात आहे, त्याला प्रारब्ध म्हणून मोकळे होणे हा वेदान्त नव्हे, ही पळवाट.

दुसरा भला माणूस म्हणतो, "ठाणावर बांधा, हरभरा चारा, आराम करू द्या." हेतु उत्तम, परिणाम वाईट. बांधलेल्या घोड्याची पाठ अधिकच आखडते आणि दाण्याने वाढलेले अंग त्यालाच जड होते. त्याला हवे मोकळे रान आणि सपाट वाटेने रोज सावकाश चालविणे. वैरण जमिनीवर टाकावी, म्हणजे मान खाली जाऊन पाठ सैल होते. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून घ्यावेत. खूर वाढले की चाल बिघडते व ताण पाठीस जातो. हात फिरविताना पाठ दबली, कान मागे गेले, की तेथे दुखते असे समजावे आणि पशुवैद्यास दाखवावे. वेदनाशामक मनाने देऊ नये, पोटात व्रण होतात. आणि दुखणे औषधाने दाबून 'एवढी एकच वरात' म्हणून पुन्हा स्वार बसविणे, यास तर उपचार म्हणूच नये. ऋणकोने आपल्या आवडीचे नाणे द्यायचे नसते; धनकोला चालेल तेच द्यावे लागते.

द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवशी भर रणांगणात भगवंतांनी रथाचे घोडे सोडले, अंगातले बाण काढले, स्वहस्ते चोळले, पाणी पाजले. आता कोणी म्हणेल, त्यांना पुन्हा जुंपायचे होते! खरे आहे. म्हणूनच आपली कसोटी अधिक कठीण. ज्याला पुन्हा जुंपायचे नाही, त्याच्या पाठीवर आपला हात फिरतो का? मुक्या जनावराला विनाकारण उपाशी टाकून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा पाठ चोळायला येत नाही. ते काम भूतदयेचे. उपयोग संपल्यावर जे उरते, तेच प्रेम. त्याआधीचे सगळे व्यवहाराच्या खाती जमा.

रामकृष्णहरि.