शेवट ठाऊक नसताना

गेल्या शनिवारी बेलवलीत यशवंतराव चव्हाणांच्या जडणघडणीवर व्याख्यान होतं. लोकलमधून उतरून थेट आलेली मंडळी पाठीवरच्या सॅकसकट मागच्या रांगांत, पुढे ज्येष्ठ नागरिक आणि मध्ये आईवडिलांनी आणून बसवलेली शाळकरी मुलं. माझ्या शेजारच्या मुलाच्या मांडीवर वही होती. वक्ते काही महत्त्वाचं बोलले की आई कोपरानं ढोसायची, "हे लिहून घे." मुलगा आज्ञाधारक. 'देवराष्ट्रे, आजोळ. १२ मार्च १९१३. वडील कोर्टात बेलिफ. लहानपणी वारले. गरिबी.' बाजारच्या यादीसारखं एकाखाली एक.

मग तो प्रसिद्ध किस्सा आला. मास्तरांनी वर्गाला विचारलं, तुम्ही कोण होणार? पोरांनी थोरामोठ्यांची नावं सांगितली. यशवंतानं मात्र आपण यशवंतराव चव्हाण होणार असं उत्तर दिलं. सभागृहात टाळ्या पडल्या. पडणारच. १ मे १९६० ला महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री कोण झाला आणि १९६२ मध्ये नेहरूंनी संरक्षण खातं कोणाच्या हाती दिलं, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक होतं. कऱ्हाडच्या त्या वर्गाला ते ठाऊक नव्हतं. बाकावरच्या पोरांना तो निव्वळ आगाऊपणा वाटला असेल, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

मोठ्या माणसाचं बालपण ऐकताना आपण शेवटचं पान आधी वाचून बसलेलो असतो. त्यामुळे त्यातली गरिबी आपल्याला गरिबी वाटतच नाही. पुढच्या वैभवाची ती तयारी वाटू लागते.

खरं तर व्याख्यानात मला धरून ठेवलं ते यशवंतरावांच्या आई विठाईंनी. १९३२ चा जानेवारी. २६ तारखेला कऱ्हाडात तिरंगा लावल्याबद्दल अठरा वर्षांच्या यशवंताला पकडलं. आई भेटायला आली, सोबत शाळेतले एक मास्तर होते. माफी मागितली तर पोरगा सुटेल, असं मास्तरांनी सुचवलं. मास्तर वाईट नव्हते. हुशार पोराचं वर्ष वाया जाऊ नये, विधवा आईचे हाल वाढू नयेत, हा त्यांचा हिशेब होता. आज कुठलाही भला शिक्षक हेच सांगेल. अक्षरओळख नसलेल्या विठाई उलट मास्तरांवरच रागावल्या. माफी कशाबद्दल मागायची? मुलाला त्यांनी तब्येतीला जप म्हणून सांगितलं. शिक्षा झाली अठरा महिन्यांची.

वक्ते म्हणाले, त्या माउलीनं त्या दिवशी माफी मागू दिली नाही, म्हणून महाराष्ट्राला यशवंतराव मिळाले. इथे माझं त्यांच्याशी जमलं नाही. हे वाक्य विठाईंना मोठं करत नाही, लहान करतं. जणू त्यांनी अठरा महिने गुंतवले आणि पुढे व्याजासकट मंत्रिपद वसूल झालं! त्या घटकेला समोर काय होतं? पोरगा तुरुंगात जाणार, शाळा तुटणार, घरातला एक कमावता होऊ शकणारा हात दुरावणार. मॅट्रिक व्हायला १९३४ उजाडलं, तेव्हा यशवंतरावांना एकवीस वर्षं झाली होती. वकिलीची परीक्षा १९४१ मध्ये. घरानं किती वर्षं कळ काढली याचा अंदाज यावरून यावा.

येरवड्याच्या तुरुंगात आचार्य भागवत, एस. एम. जोशी यांच्यासारखी माणसं भेटली, वाचन झालं, विचार तयार झाले, हे खरंच. पण त्या काळात आत गेलेली कितीतरी पोरं बाहेर येऊन पुन्हा शेतात राबली, दुकानात पुड्या बांधत बसली. त्यांच्या आयांनीही माफी नाकारलीच होती. यशवंतरावही सुटून एखाद्या कचेरीत कारकून झाले असते तर विठाईंचा नकार चुकीचा ठरला असता का? आपण मुलांना 'असं वाग, मोठा होशील' एवढंच शिकवतो. 'असं वाग, मोठा झाला नाहीस तरी' हे शिकवायला जीभ रेटत नाही, कारण फी आपण भरलेली असते.

यशवंतरावांनी स्वतः जडणघडणीचा हा भाग किती जपला पाहा. त्यांचं आत्मचरित्र 'कृष्णाकाठ' १९८४ चं, त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. पुढचे खंड लिहायचे राहून गेले. म्हणजे गृह, संरक्षण, अर्थ, परराष्ट्र अशी खाती सांभाळलेल्या या माणसाचं आत्मचरित्र १९४६ मध्येच, कऱ्हाड सोडून मुंबईला निघताना थांबतं. सत्तेची गोष्ट त्यात नाहीच. आहेत ती घरची माणसं, विशेषतः मधले भाऊ गणपतराव. सत्यशोधक विचारांचे, धाकट्याला वाचायची गोडी लावणारे, आणि धाकट्यानं शिकावं म्हणून स्वतःचं शिक्षण सोडणारे. व्याख्यानात त्यांच्या वाट्याला दोन वाक्यं आली. शेजारच्या वहीत तेवढीही नाहीत, आईनं ढोसलं नाही.

निघताना आयोजकांपैकी एकानं पुढच्या व्याख्यानासाठी नाव सुचवायला सांगितलं. मी गणपतराव म्हटलं. त्यांनी आधी कुठले गणपतराव ते विचारलं, मग तासभर पुरेल एवढी माहिती मिळेल का ते विचारलं. शंका रास्त आहे. अर्धा तास तरी मिळावा.