शुद्धोदनाचा बंदोबस्त

मुलांनी काय पाहावे आणि काय पाहू नये हे ठरविण्याचा अधिकार सरकारचा की जन्मदात्यांचा, हा वाद आपण दूरचित्रवाणी घरात आली तेव्हापासून घालीत असलो, तरी ज्या एका पुरुषाच्या ठायी हे दोन्ही अधिकार निर्विवादपणे एकवटले होते त्याची कथा या देशात दोन सहस्र वर्षे सांगितली जात आहे. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’तील शुद्धोदन राजाही आहे आणि पिताही, त्याच्या हुकमावर अपील नाही आणि त्याच्या वात्सल्याविषयी कोणास शंका नाही. राजपुत्र विहारास निघणार असे कळताच राजमार्गावरील जराजर्जर, रोगी, व्यंग आणि दीन माणसे दूर करण्यात आली. आणि हे काम अत्यंत सौम्यपणे झाले, असेही कवी आवर्जून नमूद करतो. इतक्या प्रेमळ सेन्सॉरशाहीचा दाखला वाङ्मयात क्वचितच सापडेल. तरीही त्या निर्मळ मार्गावर एक वृद्ध दिसलाच, कारण देवांनीच त्याला तेथे निर्माण केले होते. राजपुत्राने हा कोण म्हणून विचारले तेव्हा रथ हाकणाऱ्या सारथ्याने जे खरे होते ते सांगून टाकले. आणि कथेतील सर्वांत मार्मिक तपशील हा, की त्याच्या तोंडून सत्य बाहेर पडावे म्हणून देवांना त्याच्या बुद्धीवर मोह घालावा लागला. वडीलधाऱ्याने मुलाच्या अवघड प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे, ही गोष्ट दैवी हस्तक्षेपावाचून घडत नाही असे कवीस वाटले असावे, आणि आपल्या घरांतील अनुभव याहून फारसा निराळा नाही.

भरताच्या नाट्यशास्त्रात या प्रश्नाचा विचार वेगळ्या बाजूने झालेला आहे. चुंबन, आलिंगन, शयन इत्यादी गोष्टी रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नयेत असे सांगताना भरताने त्या पापमय आहेत असे कारण दिलेले नाही. पिता, पुत्र, सासू आणि सून ही एकत्र बसून नाटक पाहतात, एवढेच त्याचे कारण आहे. म्हणजे जे वर्ज्य ठरले ते प्रेक्षागारातील शेजारामुळे वर्ज्य ठरले. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि चाळीत ज्याच्या बिऱ्हाडी संच असे त्याच्या दारात सायंकाळी अर्धा मजला जमत असे, तेव्हा भरतमुनींची ही व्यवस्था अक्षरशः अमलात होती असे म्हणता येईल. आजीचा खाकरा आणि वडिलांनी अकस्मात मुलाला पाणी आणावयास स्वयंपाकघरात पाठविणे, ही त्या परिनिरीक्षण मंडळाची प्रमुख साधने होत. मी त्या काळाचे गोडवे गाणार नाही. त्या पाण्याच्या पेल्याबरोबर कितीतरी रास्त प्रश्न गिळले गेले. परंतु जे दिसले ते सर्वांनी पाहिले आहे, ही जाणीव तेथे होती. आज सून एका पडद्यावर, सासू दुसऱ्यावर आणि नातू पांघरुणाखाली तिसऱ्यावर असताना ज्या लज्जेच्या पायावर भरताने आपला नियम उभारला तो पायाच नाहीसा झाला आहे, आणि त्या रिकाम्या जागी आपण सरकारास बोलावीत आहोत.

सरकार आले नाही असे नाही. चित्रपटांसाठी १९५२ चा कायदा होताच. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या एका अनुबोधपटावरून पूर्वपरीक्षणाच्या तत्त्वालाच आव्हान दिले तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली ते तत्त्व मान्य केले, आणि चलच्चित्राचा मनावर, विशेषतः कोवळ्या मनावर, होणारा परिणाम छापील शब्दाहून अधिक तीव्र असतो असा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांचा अभिप्राय पडला. पुढे उपग्रहवाहिन्या आल्या, १९९५ साली केबलचा कायदा झाला, आणि मुंबईच्या एका महाविद्यालयातील प्राध्यापिकेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २००५ साली केवळ प्रौढांसाठी प्रमाणित झालेले चित्रपट दूरचित्रवाणीवर दाखविण्यास मज्जाव केला. आंतरजालावरील मालिका-चित्रपटांना २०२१ च्या नियमांनी सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या घालून दिल्या, आणि तेरा वर्षांवरील वर्गातील कार्यक्रमांस पालकांना कुलूप घालता यावे अशी सोय बंधनकारक केली. सोय उत्तम आहे. फक्त ते कुलूप कसे बसवावे हे बहुतेक घरांत ज्याला कोंडावयाचे त्यालाच विचारावे लागते.

येथे एक आक्षेप मी मनापासून मानतो. नको असेल तर बटण बंद करा, असे प्रक्षेपण करणारे शेठ जेव्हा सांगतात, तेव्हा ते आपल्या नफ्याची जोखीम दुसऱ्याच्या आईबापांवर ढकलीत असतात. आणि ज्या घरातील दोघेही सकाळी सातची लोकल पकडून रात्री नऊला परततात त्यांना मुलाशेजारी बसून पाहण्याचा उपदेश करणे म्हणजे शुद्ध क्रौर्य आहे. म्हणून विकणाऱ्यावर सरकारने बंधन घालावे, वेळ ठरवावी, प्रमाणपत्र प्रामाणिक असावे, हे मला सर्वस्वी मान्य आहे. माझा विरोध आहे तो त्यापुढच्या मागणीला, म्हणजे जे मुलाला अपायकारक ते कोणालाच दिसू नये या मागणीला. विवियन बोस यांनी नागपूरच्या उच्च न्यायालयात असताना असा दंडक सांगितला होता, की शब्दांचा परिणाम दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या मापाने मोजू नये, समंजस व धैर्यशील मनाच्या मापाने मोजावा. हा दंडक मुलांना लागू पडत नाही हे उघड आहे. पण म्हणूनच मुलांचे माप सर्व राष्ट्राला लावता येत नाही. मधले अंतर भरून काढण्यास कोणी तरी माणूस लागतो, आणि मायबाप सरकारच्या नावे आपल्या मायबापपणाचे मुखत्यारपत्र लिहून दिले तरी ते सरकारच्या दफ्तरी पडून राहते, कारण मुलाचा प्रश्न घरात उद्भवतो आणि त्याच क्षणी उत्तर मागतो.

आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. कठोपनिषदातील नचिकेता कुमारवयाचा आहे. त्याच्या श्रद्धेला जो धक्का बसला तो यज्ञासारख्या पवित्र प्रसंगी, स्वतःच्या पित्याला दूध आटलेल्या, मरणास टेकलेल्या गाई दान करताना पाहून बसला. त्या दृश्याला कोणते मंडळ कात्री लावणार होते? मुलाने मला कोणाला देता म्हणून तीनदा विचारले आणि बापाने संतापून मृत्यूला देतो असे म्हटले. आपल्याकडे रात्रीच्या जेवणाच्या वेळी बातम्यांच्या वाहिनीवर सहा माणसे एकमेकांवर ओरडत असतात, कोणत्या तरी जमातीची अवहेलना चाललेली असते, वडील घास थांबवून माना डोलावीत असतात, आणि शेजारी नऊ वर्षांची मुलगी पोळी खात असते. बातमीला प्रमाणपत्र लागत नाही, आणि मान डोलावण्यालाही लागत नाही. पण त्या मुलीने त्या दिवशी जे पाहिले त्यातील टिकणारा भाग कोणता, याविषयी मला तरी संशय नाही. नंतर तिच्या हातातून व्यंगपट हिसकावून घेणाऱ्या पित्याच्या सोवळेपणाची मला थोडी गंमत वाटते.

भीष्म साहनींच्या कादंबरीवरून गोविंद निहलानींनी केलेली ‘तमस’ ही फाळणीच्या दंगलींवरील मालिका १९८८ च्या जानेवारीत दूरदर्शनवर सुरू होती, तेव्हा मुंबईत तिच्याविरुद्ध फिर्याद होऊन स्थगितीही मिळाली होती. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती मालिका स्वतः पाहिली आणि स्थगिती उठविली. सर्वोच्च न्यायालयानेही बोस यांच्या त्याच दंडकाचा आधार घेऊन प्रक्षेपण वैध ठरविले. आधी पाहणे आणि मग मत देणे हा शिरस्ता न्यायासनाला अवघड वाटला नाही. मुलांच्या कार्यक्रमांविरुद्ध तावातावाने बोलणाऱ्या किती गृहस्थांनी त्यातील एक भाग तरी अखेरपर्यंत पाहिलेला असतो? बारा वर्षांच्या मुलाला ‘तमस’ दाखवावी काय असे कोणी मला विचारले तर मी होय म्हणेन, मात्र एकट्याला नव्हे, कारण सुरुवात कोणी केली असे तो विचारणारच आणि त्याचे उत्तर लांब आहे. आठ वर्षांच्या मुलाला दाखवू नये असे म्हणेन, मग प्रमाणपत्रावर काहीही लिहिलेले असो.