चर्चच्या छतावरचे ऊन कुणाचे?



आपल्या धाराशिव जिल्ह्याला पाण्याची चणचण नेहमीची. उन्हाची चणचण मात्र कुणी पाहिलेली नाही. कौडगावच्या औद्योगिक क्षेत्रात महानिर्मितीचा ५० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. गावोगावी घरांच्या छतांवर पॅनल दिसू लागले. त्यामुळे मिस्सा सुटल्यावर आवारात बोलणे निघतेच : “आपल्या चर्चवर सोलर का नको?” प्रश्न साधा वाटतो. पण त्यात पैशाबरोबर आपल्या विवेकाचीही परीक्षा आहे, असे आम्हांला वाटते.

आधी परवानगीचे पाहू. चर्चची इमारत फादरांची नाही आणि कौन्सिलचीही नाही; आपण सारे तिचे राखणदार आहोत. म्हणून नेहमीच्या कारभारापलीकडच्या खर्चाला बिशपांची लेखी परवानगी लागते, असा ख्रिस्तसभेचा कायदा आहे. सार्वजनिक ट्रस्टांसाठी १९५० चा राज्याचा कायदाही आहे. त्यानुसार ट्रस्टला कर्ज काढायचे असेल किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्याने द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते. “छत पंचवीस वर्षांसाठी आम्हांला द्या, पॅनल फुकट बसवतो,” असे सांगत कुणी आले, तर धर्मादाय कार्यालयात विचारल्याशिवाय सही करू नये. महावितरणचा नेट मीटर त्यानंतर. आणि इंजिनिअरला छत दाखवायला आपल्या जिल्ह्याने तरी विसरू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे सास्तूर परिसरात दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. डोक्यावरच्या भाराचा अर्थ आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही.

आता पैसा. प्रधानमंत्री सूर्यघर योजना २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळते; पण ती योजना घरांसाठी आहे. चर्चसाठी वर्गणी काढावी लागणार. ती कुणाकडून? आपल्यात रोजंदारी करणारे आहेत, उचल घेऊन कोयत्यावर जाणारे आहेत. दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट अशा वेळी हमखास सांगितली जाते. पण त्याच्या अगदी आधीच्या ओळींत विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने फटकारले आहे, हे आपण सहसा वाचून दाखवत नाही. विधवेने मनापासून दिले, म्हणून घेणाऱ्याची जबाबदारी संपत नाही. उलट ती वाढते.

मग हिशेब करून पाहू. १ किलोवॅटच्या पॅनलला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. ३ किलोवॅटचे झाले १२ युनिट, म्हणजे आठवड्याला ८० च्या वर. खेड्यातल्या लहान चर्चला रविवारी पंखे, दिवे आणि माईक यांना फार तर दोन-तीन युनिट लागतात. बिलच लहान, तर बचतही लहानच. “लाईट गेल्यावर तरी उपयोग होईल,” असे अनेकांना वाटते. तेही खरे नाही. बॅटरी नसेल, तर लाईट गेल्यावर असा संच आपोआप बंद पडतो, म्हणजे तारेवर काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसत नाही.

तेव्हा खरा प्रश्न रविवारचा नसून उरलेल्या सहा दिवसांचा आहे. सूर्य आठवडाभर देत राहणार. त्या विजेचे आपण काय करणार? आवारात मुलांचे वसतिगृह असेल, दवाखाना असेल, गावाला पाणी देणारी बोअर असेल, तर उत्तर तयार आहे. तिथे पॅनल जरूर बसवावेत, तेही त्या इमारतीवर आधी. व्हॅटिकनमध्ये २००८ साली सुमारे २,४०० पॅनल बसले, ते सेंट पीटर्सच्या घुमटावर नव्हे, तर पोप पॉल सहावे सभागृहाच्या छतावर. आणि तेही देणगीतून.

काही जण म्हणतील, “चर्चवरचे पॅनल ही साक्ष आहे. सृष्टीची काळजी घ्या असे पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’मध्ये सांगितले, ते लोकांना दिसायला नको का?” हे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. उदाहरण दिसले की माणसे वळतात. पण साक्ष स्वतःच्या खर्चाने द्यावी, दुसऱ्याच्या उपासमारीवर नाही. ज्या चर्चला सहा दिवसांचे उत्तर सापडत नाही, तिथल्या जाणत्या तरुणांनी आपल्या लोकांचे अर्ज भरून द्यावेत : घरासाठी सूर्यघरचा, शेतासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेचा. पंपाला शेतकऱ्याचा हिस्सा दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाचच टक्के. लोकांच्या छपरांवर उजेड आला, तर तीही चर्चचीच साक्ष ठरेल.

शेवटी एका परवानगीविषयी. ती कुठल्याच कार्यालयात मिळत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांचे बाक रिकामे असताना वर्गणीचा आकडा ठरवू नये. सभा ते आल्यावर घ्यावी, पाठीमागे बसणाऱ्यांना आधी बोलू द्यावे, आणि ज्या कामासाठी पैसा जमेल त्याच कामाला तो लावावा. परमेश्वर आपला सूर्य सर्वांवर सारखाच उगवतो. तो वाटून घेताना आपल्याकडून कुणी वगळले जाऊ नये, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना.