गाळ कुणी उपसला?

प्राचीन संस्कृतीचे गोडवे गाणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे : गटार बांधलं हे खरं, पण त्यातला गाळ कुणी उपसला?

मोहेंजोदडो घ्या. साडेचार हजार वर्षांपूर्वीचं शहर. सिंधूच्या पुरापासून बचाव म्हणून कच्च्या विटांचे प्रचंड चौथरे रचले, वर वस्ती केली. विहिरी सातशेच्या आसपास असाव्यात, असा संशोधकांचा अंदाज. घरोघर न्हाणी, तिचं सांडपाणी रस्त्याकडेच्या पक्क्या विटांच्या झाकलेल्या गटारात. मधे मधे गाळ साचायला खड्डे. तिकडे कच्छच्या रणातल्या धोलावीरात मनहर आणि मानसर या पावसाळी ओढ्यांना बांध घालून पाणी तलावांत वळवलं. काही तलाव तर खडकात कोरलेले. निसर्गाशी जुळवून घेतलं, निसर्ग वाकवलाही. करामत मोठीच. मी ती नाकारत नाही.

पण ‘संस्कृतीनं बांधलं’ हे वाक्य लबाड आहे. संस्कृतीला हात नसतात, माणसाला असतात. खड्डा भरला की कुणीतरी आत उतरणार, हे बांधणाऱ्यालाही ठाऊक होतं. त्या उतरणाऱ्याचं नाव कुठं नाही. त्यांची लिपी अजून वाचता आलेली नाही, म्हणून तिथं आजची जात चिकटवायची घाई मी करणार नाही.

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, ते हात आपल्याच पूर्वजांचे, म्हणून पाण्यावर हक्क आपला. मला हे धोक्याचं वाटतं. हक्क बापजाद्यांच्या घामावर ठरला, तर उद्या समोरचा सातबारा घेऊन येईल. म्हणेल, तळं माझ्या आज्यानं बांधलं, तू चालता हो. वारसा हे तर त्यांचंच हत्यार! २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं, ते तळं कुणी खोदलं याचा हिशेब मांडून नव्हे. आम्हीही माणसं आहोत, एवढंच सांगायचं होतं. तेवढं पुरे होतं.

मग संस्कृती मोजायची कशी? पाणी कुणाला मिळालं आणि घाणीत कोण उतरलं, यावरून. माणसाला हातानं मैला उपसायला लावू नका, म्हणून या देशात १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला पुन्हा झाला. तरी मॅनहोलमध्ये माणसं गुदमरून मरतात, आणि ती कुठल्या वस्तीतली असतात हे तुम्हाला सांगायला नको.

तेव्हा पुढच्या खेपेला कुणी प्राचीन वैभवावर भाषण ठोकलं, की गड्यांनो, उठून उभे राहा. टाळ्या वाजवायच्या आधी गाळाचं विचारा.